बुचाचं माप

मुरेवाकडची आमची जमीन निव्वळ वाळू.
आई म्हणायची, हिला काही लक्षात राहत नाही,
जे घालावं ते विसरते.

सेकुरू मुकारोंची गुरं अकरा.
खडकाच्या आडोशाला मुसासाच्या ओंडक्यांचं कुंपण,
आत गुडघाभर शेण, वर माश्यांचं छत.
आमच्याकडे एक शेळी, तीही लंगडी,
आणि हरारेहून मामाने बसच्या टपावर टाकून पाठवलेली
नायट्रेटची अर्धी गोणी.
आई तिला खाटेखाली ठेवायची,
रोज उठून चाचपायची, ओल तर नाही ना लागली.

ऑगस्टमध्ये एकदा ती गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली.
काखेत टोपली. मागे मी.
म्हणाली, माझं शेण न्यायला आले.

सेकुरू हसले, उरलेले तीन दात दाखवून.
तुझं? गुरं कुणाची, मुचानेता?

गुरं तुमची. पोटंही तुमच्याच गुरांची.
पोटात काय होतं ते सांगा.
मे महिन्यात मी कणसं काढली
आणि जूनभर तुमची अकरा तोंडं माझ्या रानात उभी.
ताटं खाल्ली, पानं खाल्ली,
कणसाचे वाळके केससुद्धा सोडले नाहीत.
माझं शेत चालत चालत तुमच्या गोठ्यात आलं.
त्यातलं थोडं घरी नेते.

कापणी झाली की रान सगळ्यांचं,
सेकुरूंनी जुना नियम काढला.
आईने मान डोलावली. नियम खराच होता.
मग हळूच म्हणाली,
जानेवारीत झड लागली तेव्हा तुमचा मका
पिकल्या आंब्याच्या सालीसारखा पिवळा पडला होता.
मी वाटेवरून पाहिलं. एवढं शेण घालून.
शेणात वाळू फार, जोर कमी.
माझ्या खाटेखाली पांढरे दाणे आहेत.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग एका तांबड्या गायीने शेण टाकलं, थप्पकन,
मी फिसकन हसले, आईने डोळे वटारले,
आणि सेकुरू म्हणाले, ऐकलंस? पंच बोलली.

पाच गाड्या शेणखत इकडे,
गोणीतलं निम्मं तिकडे.
गाडी ओढणारे बैलही त्यांचेच,
म्हणून आईने वर एक कोंबडी दिली,
आणि ती दिल्याचं दुःख वर्षभर सांगितलं.

नोव्हेंबरात खड्डा, खड्ड्यात ओंजळभर खत,
माती, दोन दाणे, पुन्हा माती.
पाचव्या आठवड्यात मका माझ्या कमरेला लागला
आणि आईने माझ्या हातात बूच दिलं,
बिअरच्या बाटलीचं, दातेरी कडेचं.
रोपाला एक बूच, शुपिकाई. शीग नको, सपाट.
बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर जळेल.

दोन्ही कशाला गं? शेण घातलंय ना?

हे पांढरं म्हणजे घाईचा पाहुणा, ती म्हणाली,
पाऊस आला की आल्यापावली निघतो.
शेण त्याला चटई टाकून देतं. बस म्हणतं.

नदीकडच्या ओळीत मी गाणं म्हणता म्हणता
दोन दोन बुचं टाकली.
ती रोपं काळीभोर झाली, सगळ्यांच्या वर गेली,
मी कुणाला बोलले नाही,
आणि फेब्रुवारीच्या वाऱ्यात तेवढीच आडवी झाली.
आईने पाहिलं, मला पाहिलं,
एका पायाने एक ताट सरळ करून बघितलं, सोडून दिलं.

त्या साली नऊ पोती झाली. आदल्या साली साडेतीन.
पलीकडे सेकुरूंची किती, ते त्यांनी सांगितलं नाही,
पण कोंबडी परत आली, पिल्लांसकट नाही, एकटीच.

जूनमध्ये गुरं रानात शिरली.
मी खडा उचलला. आईने माझा हात धरला.
बांधावर बसून ती मोजत होती, सात, आठ,
तांबडीपाशी थोडी थांबली.
खा, पुटपुटली, पोटभर खा.
ऑगस्टमध्ये बघू.