पाय मोडणारी कळ

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीलगत, नोटरीच्या छत्रीखाली
माझं टेबल. एकतीस वर्षं.
आधी रेमिंग्टन. मग दोन-अडीचशेवाले मऊ प्लास्टिकचे,
बोटांना इनस्क्रिप्ट नव्यानं शिकवलं तेव्हापासूनचे.
आणि परवा भाच्यानं हिंजवडीहून आणून दिला हा,
मेकॅनिकल. म्हणाला, मामा, आवाज ऐका.
ऐकला.
बोटं एकदम पंचविशीत गेली.

पहिलं गिऱ्हाईक, शुक्रवारी सव्वाअकराला:
ओढणी घट्ट पिन केलेली, हातात फाइल,
नाव बदलायचंय. बदलायचं म्हणजे
परत घ्यायचंय.
सासरी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं, ते शर्वरी.
त्याआधीचं अन्विता.

मी सुरुवात केली, झोपेतही येते ती:
मी सतयप्रतिज्ञेवर लिहून देते की

सतय?
पुन्हा मारली. खट्. आवाज भरघोस, पडद्यावर काही नाही.
वासतवय. लगन. घटसफोट.
जोडाक्षरं सगळी सुटी, एकेकटी उभी,
तारीख पडल्यावर पायऱ्यांवर माणसं असतात तशी.
क्ष, त्र, ज्ञ, श्र तेवढी शाबूत,
त्यांची वरच्या ओळीत स्वतःची घरं आहेत.
पुणेही धड. त्यात मुळात जोडलेलं काही नाही.

आणि अ. त्याच कळीवर, शिफ्टच्या आधारानं राहणारा,
तोही गेला.
पडद्यावर उमटलं: नविता.

तिनं मान वाकडी करून वाचलं. पहिल्यांदा हसली.
"हेही चाललं असतं."
मग म्हणाली, "पण नको."

म्हटलं, ताई, जरा कळ काढा.

वायर उपसून दुसऱ्या भोकात घातली.
संगणक बंद केला, चालू केला, तेवढ्यात वरून मेट्रो गेली.
उलटा धरून थोपटला, बाळाची ढेकर काढतात तसा.
स्टॅम्पवाले नाईकनवरे म्हणाले, "चायना."
कुठल्याही आजारावर त्यांचं निदान हेच.
जोरात दाबली, हळू दाबली, पन्नासदा दाबली,
आणि शिकवून आणलेला साक्षीदार
नुसती मान हलवतो, तशी ती
खाली जायची, वर यायची.

भाच्याला फोन. मीटिंगमध्ये होता, कुजबुजला:
मामा, खोक्यात तारेचा चिमटा आहे. आधी वायर काढा.
टोपी उचला, मग खालचं बटण
दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर.

काढली कळ.
खाली तांब्याचे दोन पाय, काडीच्या टोकाएवढे.
एक ताठ. दुसरा बसवतानाच दुमडलेला,
पोटाशी घेतलेला.
मास्तर सांगायचे, त चा पाय मोडा, मग य जोडा.
इथे पाय मोडणारीचाच पाय मोडलेला.

सरळ करायला काही बारीक हवं म्हणून
मी खण उचकत होतो,
तिनं खांद्यावरची पिन काढून पुढे केली.
ओढणी सरकली. ती एका हातानं धरून राहिली
माझं होईपर्यंत.
चष्मा कपाळावर, श्वास रोखून. तांबं मऊ असतं,
घाई केली की तुटतं.

बसवली. वायर लावली.
सत्य.
पुन्हा एकदा, उगाच: सत्य सत्य सत्य.
मग शिफ्ट धरून तीच कळ.
अ.
तिनं खुर्ची पुढे ओढली
आणि उरलेली अक्षरं येताना बघत बसली.

पाच प्रती, अडीचशे रुपये. सुटे मोजून दिले.
पिन घेतलीच नाही.
"बघा," नाईकनवरे म्हणाले, "चायना."

रात्री जेवताना लक्षात आलं,
तिसऱ्या परिच्छेदातलं लगन तसंच राहिलं,
सुटं, सहीशिक्क्यासकट, पाचही प्रतींत.
सोमवारी वाट पाहिली. मंगळवारीही.
दुरुस्तीला ती काही आली नाही.