पास्कलचं कार्ड

लेबर कन्सल्टंट हेबळे बॅग न उघडताच म्हणाले,
'मॅडम, पगाराची मर्यादा वर सरकली.
तुमचे चारही सुपरवायझर तिच्या खाली आले.
आता त्यांनाही ओव्हरटाइम, आणि तोही दुप्पट.'
मग चहात बिस्कीट बुडवत त्यांनी वाटा सांगितल्या:
पगार रेघेच्या वर न्या,
नाहीतर ओटी द्या,
नाहीतर सहाला शटर खाली.
बिस्कीट कपात तुटलं. ते त्यांनी चमच्यानं शोधलं.

मरोळ, गाळा नंबर एकोणीस.
खोकल्याच्या औषधाची खोकी आम्ही छापतो, कापतो, चिकटवतो.
बाबा म्हणायचे, मुंबई खोकतेय तोवर आपल्याला मरण नाही.

पास्कल डाबरेला सुपरवायझर मीच केलं.
त्या दिवाळीत बोनसला हात आखडला होता,
म्हणून सोनपापडीच्या डब्यासोबत शंभर व्हिजिटिंग कार्डं दिली,
आमच्याच मशीनवर, उरलेल्या कागदावर छापलेली.
उलटून उजेडात धरलं तर अजून दिसतं:
दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.

त्याच्या हाताखाली कोण?
एक ग्लूइंग मशीन, एक स्टूल.
सुपरवायझरला पंच नसतो,
म्हणून पास्कलनं पंच केलं नाही,
नऊ वर्षं.

रात्री मी आकडे मांडायला बसले.
रेघेच्या वर नेलं तर महिन्याला इतके,
ओटी दिला तर
तर किती?
तासच ठाऊक नाहीत, दुप्पट कशाची करणार?
शून्याची दुप्पट शून्य,
हे गणित मला नऊ वर्षं किती सुखाचं वाटलं होतं.

हेबळेंना म्हटलं, पंधरा दिवस थांबा.
चौघांना कोऱ्या वह्या दिल्या. खरं लिहा, म्हटलं.
पास्कलनं लिहिलं, वसईच्या शाळेतल्या गोल अक्षरात:
मंगळवार, रात्री सव्वादहा. कारण, मॅडमचा फोन.
गुरुवार, पावणेअकरा. कारण, मॅडमचा फोन.
शनिवारी कारणाच्या खाली नुसते दोन ठिपके,
म्हणजे वरीलप्रमाणे.

मला वाटायचं, उशीर मशीनमुळे होतो.
उशीर माझ्या तोंडात जन्मत होता,
संध्याकाळी पाचला, परचेसवाल्या बन्सलला
'उद्या सकाळी? हो, होऊन जाईल' म्हणताना.
होऊन जाईल.
या क्रियापदाला कर्ता लागत नाही.
कर्ता पावणेअकराला नखांतला डिंक खरवडत असतो.

त्याला केबिनमध्ये बोलावलं.
उद्यापासून पंच कर, जादा तासांचे पैसे मिळतील.
पास्कल खूश झाला नाही.
'मग मी सुपरवायझर नाही, मॅडम?
मार्सेलीनच्या साखरपुड्यात सगळ्यांना कार्ड वाटलंय.'
हेबळे म्हणतात, कायदा कार्ड वाचत नाही,
पगार बघतो, आणि हात काय करतात ते.
मी म्हटलं, कार्ड ठेव. पंचही कर.

मागच्या नऊ वर्षांचं त्यानं विचारलं नाही.
मीही काढलं नाही.
अंदाजानं मांडलेला एक आकडा आहे,
पेपरवेटखाली. हेबळेंना दाखवलेला नाही.
पंखा लावला की त्याचा कोपरा फडफडतो.

आज पाचला फोन वाजला.
'उद्या सकाळी?'
'परवा दुपारी,' मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ कुणीच नव्हतं.
ती ऑर्डर राहिली की गेली, अजून कळलेलं नाही.

सव्वासहाला पास्कलनं यंत्रावर बोट ठेवलं.
यंत्रानं ओळखलं नाही.
डिंकानं ठसे गुळगुळीत झालेत.
त्यानं बोट पँटीला पुसलं, पुन्हा ठेवलं.
मग दुसरं बोट. मग अंगठा.
खाली रिक्षावाला हॉर्न देत होता,
आणि आम्ही दोघं भिंतीसमोर उभे,
हिरवा दिवा लागायची वाट बघत.