बिऱ्हाड

शरीररचनेच्या म्युझियममध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
परळच्या उन्हाची तिरीप साडेतीनला
बरोबर चौथ्या फळीवर येते
आणि बरण्यांतलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं.
पाणी म्हणजे फॉर्मॅलिन.
पातळी उतरली की वरून भरायचं,
मेण लावून झाकण बसवायचं, वहीत सही :
हर्षला सोनावळे, तंत्रज्ञ.

सहा आठवडे. आठ. दहा.
लेबलं कुणीतरी बोरूनं लिहिलेली,
जुन्या वळणाचा आठ, पोट पुढे आलेला.
कुणाचं, कुठल्या वॉर्डातून, ते नाही.
फक्त साल.

शनिवारी तांडेलमामा बरण्या पुसतात.
शिवडी कोळीवाड्याचे. जाळं उसवणाऱ्या बोटांनी
काच अशी उचलतात की आतलं हलू नये.
"ही अकरा नंबर," म्हणतात,
"मी कामाला लागलो तेव्हाही दहाच आठवड्यांची होती.
माझी तीस वर्षं गेली,
हिचा एक दिवस सरकला नाही पुढं."

पहिल्या वर्षाच्या पोरांना मी अकरा नंबरच दाखवते :
नाळेच्या मुळाशी फुगवटा, बघा.
पोटात जागा नसते. यकृत सगळी अडवून बसलेलं.
म्हणून आतडी बाहेर पडतात,
नाळेत जाऊन राहतात,
तिथंच वाढतात, तिथंच वळण घेतात,
आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास, पोट जरा ऐसपैस झालं
की परत घरी.
पोरं लिहून घेतात.
मला आमची करी रोडची खोली आठवते, दहा बाय बारा,
मधोमध अण्णांची कॉट,
आणि उशी बगलेत मारून व्यायामशाळेत झोपायला जाणारा भाऊ.
सहा वर्षं गेला.
मिशी त्याला तिथंच फुटली.

आता चाळ नाही. खड्डा आहे, भोवती पत्रे.
आम्ही ट्रान्झिट कॅम्पात, नववं वर्ष,
चावी पुढच्या दिवाळीला.

मूत्रपिंडं खालून वर चढतात.
हृदय आधी मानेशी धडधडतं, मग छातीत उतरतं.
पहिल्या दिवसापासून आपल्या जागी
कुणीच नसतं.

माझ्या डॉक्टर म्हणाल्या, बारा.
म्युझियमच्या हिशेबानं दहा.
डॉक्टर पाळीपासून मोजतात,
म्हणजे दोन आठवडे तू नव्हतंसच
आणि तेही तुझ्या नावावर लागले.
भाडेपावती आधी, भाडेकरू मागून.

मी कुणाला सांगितलं नव्हतं.
फक्त दोन मास्क लावायला लागले होते,
आणि झाकण उघडताना श्वास धरायला.
मंगळवारी अकरा नंबरची पातळी उतरलेली.
मी कॅन उचलला.
तांडेलमामांनी तो हातातून काढून घेतला.
विचारलं काही नाही.
"खिडकीपाशी बस जा," एवढंच.
मग डोळ्यांतून पाणी गळत असताना त्यांनी बरणी भरली,
मेण लावलं, अंगठ्यानं कड दाबली,
आणि वहीत, माझ्या सहीच्या रकान्यात,
शाळेतल्यासारखी जीभ बाहेर काढून
आपलं पूर्ण नाव लिहिलं.

खिडकीतून तीन क्रेन दिसतात.
एकही हलत नव्हती.

अकरा नंबरची आतडी
अजून थोडी नाळेतच आहेत,
उंबऱ्यात एक पाय ठेवून थांबल्यासारखी.
तुझी आली का आत?
आज? काल?
की दादरला मी चवळीच्या जुड्यांचा भाव करत होते तेव्हा?
पोटात दुखलं नाही. आवाज नाही.
एवढं सामान हललं
आणि जिन्यात कुणाला पत्ता नाही.