एक पत्री बाकी

वांगदू मुंडगोडहून येतो, डिसेंबरात,
वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्याला बांबूवर स्वेटर टांगतो.
इथे थंडी ती किती? पहाटेचे दोन तास,
तीही मासळीचा लिलाव सुरू झाला की उठून जाते.
तरी विकतो. घाटावर लेकी दिलेले लोक घेतात.

परवा माझ्या भात्यापाशी येऊन बसला.
पाकिटातून काढली बोटाएवढी लोखंडी पट्टी,
वरून गोलसर, मधे जराशी फुगीर,
कडेने भोकं. मी मोजली: अकरा.
"गंज काढ मेस्त्री. पण चमकवू नको."

मी गाडीच्या बैलांना पत्र्या ठोकल्यात,
कोयते, विळ्या, होडीचे खिळे केलेत.
घोडा म्हणाल तर एकदाच,
जत्रेतल्या फोटोवाल्याचा, तोही लंगडा.
घोड्याचं या कातळावर काय काम?
म्हणून विचारलं, ही पत्री कोणाच्या खुराची?

"खुराची नाही. माझ्या आजोबांच्या अंगावरची."

ल्हासाला नव्या वर्षाचा सण.
त्यांच्या घराकडे एका स्वाराचं देणं होतं.
घोडा आपला, खोगीर आपलं,
चिलखत मात्र सरकारी कोठारातलं, मोजून मिळायचं:
शिरस्त्राण एक, त्यावर मोरपिसं,
छातीला, पाठीला, दोन्ही बगलांना लोखंडी आरसे,
आणि खाली पत्र्यांचा अंगरखा,
पत्रीला पत्री चामड्याच्या वादीने ओवलेली.
तेवीस वर्षांचे आजोबा. लढाई पाहिलेली नाही.
त्या चिलखतानेही कित्येक पिढ्यांत पाहिली नव्हती.
"मग घालायचं कशाला?"
"देवांना दिसावं म्हणून."
घोड्यांना धावायची मनाई. सगळे सावकाश.
आवाज कसा यायचा?
त्याने माझा खिळ्यांचा डबा उचलला
आणि कानापाशी हलवला, सावकाश.

संध्याकाळी परत मोजणी.
एक वादी तुटलेली, पत्री आजोबांच्या मुठीत.
"उद्या ओवून देतो," म्हणाले.
कारकुनाने वहीत मांडलं: एक बाकी.
आणि मग उद्या

वांगदू थांबला.
रस्त्याने बर्फाची गाडी गेली, पाणी गाळत, बंदराकडे.

आजोबा निघाले ते मेंढीच्या कातड्यात.
चिलखत कोठारात राहिलं. घोडा वाटेत.
मुंडगोडला मका पेरला, चाळीस वर्षं.
जाताना शुद्ध होती तोवर एकच घोर:
ती वही कुठेतरी असेल रे,
माझ्या नावावर.

मी पत्री राखेने घासली, काथ्याने.
खाऱ्या वाऱ्यात लोखंड फार दिवस काढत नाही,
म्हणून मोरीचं तेल चोळलं, होड्यांना लावतो तेच.
वांगदूने हुंगली, खो खो हसला.
तिला याकच्या लोण्याचा वास यायचा म्हणे.
पैसे मी घेतले नाहीत. तो एक मफलर ठेवून गेला.
मफलर घेऊन मी काय करू, वेंगुर्ल्यात?

रात्री जीपच्या पाट्याचा तुकडा तापवून
तशीच एक करून बघितली.
अकरा भोकं पडली, फुगवटा नाही जमला.
दुसरीही सपाट.
तिसरी ऐरणीवर आहे.

सकाळी दाभोलीचा गाडीवाला बैल घेऊन आला.
आठ पत्र्या लागल्या. मोजून ठोकल्या.
"पैसे शिगम्याक देतंय," म्हणाला.
एरवी मी मान हलवतो आणि विसरतो.
आज दाराच्या फळीवर खडूने लिहिलं,
त्याचं नाव,
आणि पुढे: आठ.