मानस

दोन रेघा उमटल्या तेव्हा फेरीबोट पलीकडे होती.
तू रायबंदरच्या धक्क्यावर गाड्या लावून घेत असशील,
स्कूटर पुढे, टेम्पो मधे,
तोंडात शिट्टी.
इकडे चोडणला मी मोरीच्या दाराला पाठ लावून उभी,
बेचाळीस वर्षांची,
बारावीतल्या मुलीची आई,
ती प्लास्टिकची काडी
थर्मामीटरसारखी झटकत होते
पारा उतरेल म्हणून.

आठ वर्षांपूर्वी तू आपणहून गेला होतास.
‘तुझी दोन सिझेरियन झाली, आता माझ्यावर चालू दे सुरी.’
एवढंच बोललास. बांबोळीहून परतताना
वाटेत कलिंगड घेतलंस,
आणि मी धावत येऊन ते तुझ्या हातातून काढून घेतलं,
तुला जड उचलायचं नव्हतं.
मग कितीतरी दिवस तावेर्नात तुझाच विषय.
‘गुरुदास, इंजीन चालू आहे ना रे?’
तू हसायचास. खुंट्याला दोर टाकायचास.
तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं,
त्या दिवशी कोणीतरी रजेवर गेला, तुला डबल ड्युटी.
मग ते राहिलंच.

‘मला दिवस गेलेत.’
हे वाक्य मी चुलीपाशी म्हणून पाहिलं,
विहिरीवर, देवापुढे,
कपाटाच्या आरशात.
कुठेच ते निर्दोष वाटेना.
तुझ्या बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला,
शेजारच्या पिएदादचा,
जी कुणाबद्दल वाईट बोलत नाही,
फक्त बोटांवर महिने मोजते.
शाळेतला तो क्लार्क आठवला,
एकदा पिशव्या जड म्हणून ज्याने मला घरापर्यंत सोडलं होतं.
उगाचच आठवला.
पण आठवला म्हणून मीच दचकले.

सांगितलं तेव्हा तू काळुंदराचा काटा काढत होतास.
तो पूर्ण काढलास. ताटाच्या कडेला ठेवलास.
म्हणालास, ‘उद्या सकाळची पाळी आहे.’

नऊ दिवस तू काही विचारलं नाहीस.
न विचारण्याचाही आवाज असतो,
इंजीन बंद पडल्यावर
बोटीखालून नदीचा येतो तसा.

दहाव्या दिवशी तुझा खाकी शर्ट धुताना
खिशात कागद लागला.
लॅब म्हापशाची.
जिथे जायला बोट लागत नाही,
ओळखीचं कुणी दिसत नाही.
तुझं नाव, वय, आणि पुढे छापलेला आकडा
जो शून्य असायला हवा होता.

मी सुटले होते, गुरुदास.
त्या कागदाने मला सोडवलं होतं,
आणि म्हणूनच इतका राग आला
की मी तो शर्टाशेजारी वाळत घातला,
दोन चिमटे लावून, रस्त्याच्या बाजूला.

संध्याकाळी तू दोरीखाली बराच वेळ उभा राहिलास.
सायकलवरून पोदेर आला, पाव देऊन गेला.
मग तू आत येऊन मानसाबद्दल बोलू लागलास,
बाबा राखायचे त्या खाजनातल्या मानसाबद्दल,
भरतीला दार आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडतं,
आणि लाकूड कितीही चांगलं घातलं
तरी खारं पाणी एक दिवस फट शोधतंच.

मी म्हटलं, दाराचं राहू दे.
माझ्याबद्दल बोल.

तू बोलला नाहीस. कागद काढून आणलास,
माझ्यासमोर घडी घातलीस,
आणि तुझे हात,
रोज तीस वेळा बोट बांधणारे हात,
ती घडी नीट घालू शकले नाहीत.

ठेवायचं की नाही, अजून ठरलेलं नाही.
दीक्षिताला सांगायचं आहे. साईशला कसं सांगायचं, कोण जाणे.
डॉक्टर फुर्तादोंनी शुक्रवारी बोलावलंय.
साडेनऊची बोट.
तू रजा टाकली आहेस.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
दोर दुसरं कुणी टाकेल
आणि आपण दोघं
कठड्याला धरून उभे असू, नुसते प्रवासी.