एकशे पन्नास बैसा

रुवीत, आमच्या इमारतीखाली
मोईदूचं दुकान.
पूर्वी सुटे नसले की तो हातावर च्युइंगगम ठेवायचा,
पन्नास बैशांच्या जागी दोन, गुलाबी.
आता मी फोन नुसता टेकवते,
यंत्र टिंग करतं,
हिशेब तीन दशांशांपर्यंत चोख.
बरणी तिथेच आहे अजून. झाकणावर धूळ.

कार्ड तुझ्या नावाचं.
म्हणजे मी इथे कोथिंबीर घेते
आणि तिकडे फहूदला, वाळवंटात,
तुझ्या खिशात काहीतरी थरथरतं.
रक्कम. दुकान. वेळ.
कोथिंबीर तेवढी कळत नाही तुला.

मागच्या सुट्टीत म्हणालास,
त्या मंगळवारी काहीच आलं नाही गं,
दिवसभर उगाच फोन उघडून बघत होतो.
तापाने फणफणले होते मी.
बोलले नाही.

आज घरात सगळं आहे.
दूध, अंडी, कालचे खुबूससुद्धा.
तरी चपला सरकवून खाली उतरले
बेचाळीस अंशांत,
लबनची छोटी बाटली घेतली.
पिशवी? मोईदूने विचारलं.
नको.
फोन टेकवला.
एकशे पन्नास बैसा.

पोचले ना?