शेरा

बोरीच्या तेहतीस केव्ही उपकेंद्रात
दर तासाला एक ओळ भरायची असते.
वेळ, व्होल्ट, अँपिअर,
तेलाचं तापमान,
आणि शेवटी एक रुंद रकाना : शेरा.
एकोणीस वर्षं मी त्यात लिहीत आलो
निरंक.
पहिल्या ओळीत निरंक,
खाली नुसती दोन टिंबं,
पानाच्या तळापर्यंत टिंबं.

आम्रपाली तेव्हा दहावीत.
डबा घेऊन आली, रजिस्टर चाळत म्हणाली,
पप्पा, काल तुमचं काहीच झालं नाही?
आणि परवा?
आणि माझ्या वाढदिवसाला?

अगं, हे मशिनीचं असतं.
मग तुमचं कुठंय?

आईवर गेलीय पोरगी.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली.
तेच रकाने आखले, फूटपट्टीनं,
दुसरं काही आखायची सवयच नव्हती.
आठ दिवस काही सुचेना.
रात्री दोनला माणसाला
त्याचं स्वतःचं विचारलं
की तो आधी पाण्याची बाटली शोधतो.
मग लिहिलं : डावा पाय दुखतो.
मग लिहिलं : ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात गुणगुणतो,
त्या सुरात आपल्याला काही म्हणता येतं का बघितलं.
कुत्रं भुंकायला लागलं.

पुढं तिनंच मोबाइलमध्ये
एक कोरियन मालिका भरून दिली. सोळा भाग.
नुसतं एकमेकांकडं बघण्यात
त्यांचा अख्खा भाग जातो.
गफूरभाई म्हणाले, इनको कामधंदा नै क्या?
आणि खुर्ची जवळ ओढली.

एका रात्रीत एकच भाग, असं ठरवलं.
गफूरभाई चिडले, पण मी मोबाइल उपडा ठेवला.
आधी वही. बघितलेलं जरा मुरू द्यायचं.
भाग सहा : नायकाचा बाप शेवया खाता खाता रडतो.
मी माझ्या बापाला एकदाच पाहिलं होतं रडताना,
मानवतच्या बसस्टँडवर,
केळं सोलत होता.
कशासाठी, ते विचारायचं राहिलं.
एवढं लिहायला मला पहाटेचे पाच वाजले,
मध्ये तीन रीडिंगं घेतली.
मग जुन्या लॉगशीटच्या पाठीवर
त्याचा हात काढून पाहिला, केळ्यासकट.
बोटं सहा झाली.
गफूरभाई म्हणाले, केळं बाकी एक नंबर.

आणि तो बुधवार.
टीव्हीवरच्या त्या मालिकेचा शेवटचा भाग,
चार वर्षं चाललेली,
सगळं गाव पडद्यासमोर, रस्त्यावर चिटपाखरू नाही.
सिंधू सकाळीच स्वयंपाक उरकून बसलेली.
आठ अठ्ठावन्नला फोन :
भारनियमन, गावठाण फीडर बंद करा, नऊला.
हात हँडलवर ठेवला.
एकोणीस वर्षं हा हात
माझा आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.
तो चार मिनिटं तिथंच राहिला.
घामेजला, पण राहिला.

रजिस्टरात खरी वेळ लिहिली : २१.०४.
शेरा : शेवटचा भाग चालू होता.

साहेबांनी खुलासा मागवला.
मी चार ओळींचा लिहून नेला, दोन ठिकाणी खाडाखोड.
त्यांनी वाचला, घडी घातली,
दार लोटलं, हळू आवाजात विचारलं,
शेवटी तिनं माफ केलं का हो त्याला?
आमच्या जिंतुरात नऊलाच गेली होती.

मेमो मात्र दिला. फायलीत आहे.

आज तीनचं रीडिंग.
व्होल्ट ठीक. तेल बेचाळीस.
गफूरभाई बाकड्यावर, तोंडावर रुमाल.
भाग अकरा उद्यावर ठेवलाय,
जीव अडकलाय, तरी ठेवलाय.
वहीत शेरा :
बोटं आता पाचच निघतात.
अंगठा अजून बापासारखा होत नाही.